मलिक अंबरचा वारसा: नेमकं काय उरलं आणि ते ठरवायचं कसं?



सिनॉप्सिसमध्ये हमखास दिसणारं एक वाक्य आहे: "या नेत्याचा वारसा आजही जिवंत आहे." वाचायला बरं वाटतं. पण आरडीसीसमोर बसल्यावर एखाद्या सरांनी शांतपणे विचारलं, "जिवंत म्हणजे कुठे? कोणाकडे? कशावरून म्हणता?" की पुढचं सुचत नाही. 'वारसा' हा शब्द संशोधनात फार सैलपणे वापरला जातो. आज तो थोडा घट्ट करून बघू.

उदाहरण घेतो मलिक अंबरचं. आफ्रिकेतल्या क्रांतिकारी नेत्यांच्या वारशावर जगभर भरपूर लिहिलं गेलंय. लुमुम्बा, एन्क्रुमा, सांकारा ही नावं राज्यशास्त्राच्या पोरांना माहीत असतात. पण आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे आपल्याच मातीत पाव शतक एक राज्य तोलून धरणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, त्याच्यावर मराठीत लिहिताना मात्र आपण दोन-चार ठरलेल्या वाक्यांवर भागवतो. ती वाक्यं तपासणं, हाच या लेखाचा उद्देश.

आधी माणूस कोण ते बघू

जन्म 1548 च्या सुमारास, इथिओपियात. लहानपणी विकला गेला. अरबस्तान, बगदाद असा फिरत तो अहमदनगरला आला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. अहमदनगरला त्याला विकत घेतलं चंगीझखानाने. हा चंगीझखान निजामशाहीचा पेशवा होता आणि स्वतःही हबशी गुलामगिरीतून वर आलेला होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि शिपाईगिरी करत पुढे सरकला.

1596 मध्ये चांदबिबीच्या तहात वऱ्हाड मोगलांकडे गेलं. म्हणजे आपलं वाशिमही. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशीमचं नाव आहेच. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला. कागदावर निजामशाही संपली होती. त्याच वर्षी अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याला त्याला दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. राजधानी परांड्याहून जुन्नर, तिथून दौलताबाद अशी सरकत गेली. 1610 च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवलं. 1616 मध्ये रोषणगावला तो हरला, 1624 मध्ये भातवडीला जिंकला आणि 1626 मध्ये वारला. कबर खुलताबादला आहे.

एवढं चरित्र कुठल्याही पुस्तकात मिळेल. प्रश्न पुढे सुरू होतो.

साधनं काय सांगतात, आणि कोण सांगतंय

अंबरने स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र वगैरे काही नाही. त्याच्याबद्दलची समकालीन माहिती बरीचशी त्याच्या शत्रूकडून येते. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचं नाव घेतो तेव्हा बहुतेक वेळा शिवी लावूनच घेतो, आणि त्या शिव्या त्याच्या रंगावरून आहेत. 1616 च्या सुमाराचं अबुल हसन या चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. गंमत बघा, अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि म्हातारपणी, आजाराने मेला. चित्रातली घटना घडलीच नाही.

मग हे चित्र साधन म्हणून टाकून द्यायचं का? नाही. अंबर कसा मेला याचा ते पुरावा नाही. जहांगीरला तो किती सलत होता, याचा मात्र पक्का पुरावा आहे. एकच साधन एका प्रश्नासाठी खोटं आणि दुसऱ्या प्रश्नासाठी खरं असू शकतं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हे डोक्यात ठेवा.

दुसरी बाजू म्हणजे मुतमदखान. हा जहांगीरच्याच दरबारातला इतिहासकार. अंबरच्या मृत्यूची नोंद करताना तो त्याची लढाईतली, कारभारातली आणि निर्णयातली कुवत मोकळेपणाने मान्य करतो, आणि हबशी गुलाम इतका वर चढल्याचं दुसरं उदाहरण नाही असं सुचवतो. शत्रूच्या तोंडची स्तुती म्हणून आपण ती आनंदाने उचलतो. पण त्यातही एक अडचण आहे. 'गुलाम असूनही इतका मोठा' ही चौकट तिथून सुरू होते आणि आजच्या यूट्यूब व्हिडिओपर्यंत तशीच चालत येते. या चौकटीत सगळं श्रेय एका असामान्य माणसाला जातं आणि त्याच्याभोवतीची माणसं दिसेनाशी होतात.

ती माणसं किती होती? 1610 च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेचा आकडा दिलाय: त्याच्या स्वतःच्या जमातीचे सुमारे 10,000 आणि दख्खनी सुमारे 40,000. ऐकीव आकडा आहे, शब्दशः घेऊ नका. पण प्रमाण बघा. पाचातले चार इथले. अंबरचं राज्य समजून घ्यायचं असेल तर या चौघांना सोडून चालणार नाही.

तीन प्रश्नांची चाळणी

वारसा ठरवताना मी तीन प्रश्न वापरतो. ही काही कोणाची मोठी थिअरी नाही, कामाची पद्धत आहे.

एक: ही गोष्ट त्या माणसाच्या आधीपासून होती का?
दोन: त्याने ती केली याचा त्या काळचा पुरावा काय?
तीन: त्याच्यानंतर ती कोणी वापरली, आणि वापरताना काय बदललं?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वारसा म्हणजे मागे राहिलेली वस्तू. ती पुढच्या कोणी हातात घेतली नसेल तर तिला वारसा म्हणता येत नाही. फार तर आठवण म्हणता येईल. आता मलिक अंबरबद्दलचे नेहमीचे चार दावे या चाळणीतून काढू.

दावा पहिला: "मलिक अंबर हा गनिमी काव्याचा जनक"

पहिल्याच प्रश्नावर हा दावा अडतो. हलक्या घोडदळाने शत्रूची रसद तोडायची, समोरासमोर लढाई टाळायची, ही 'बर्गी' पद्धत विजापूरच्या फौजेत सोळाव्या शतकातच दिसते. फिरिश्ताच्या इतिहासात त्याचे उल्लेख आहेत. जनक अंबर नाही.

मग त्याने काय केलं? जी रीत मोठ्या फौजेच्या बाजूला वापरली जायची, ती त्याने सगळ्या राज्याच्या बचावाची मुख्य रीत केली, आणि तीही पंचवीस वर्षं, मोगलांसारख्या फौजेसमोर. हा दावा लहान आहे पण टिकतो. व्हायव्हामध्ये लहान आणि टिकणारा दावा कधीही बरा.

याच दाव्याची पुढची पायरी म्हणजे "अंबर हा शिवाजी महाराजांचा गुरू". अंबर 1626 मध्ये वारला, महाराजांचा जन्म 1630 चा. मधे एक पिढी आहे, आणि दुवा असेल तर तो शहाजीराजांमधून शोधायला हवा. तिथे नुसतं 'प्रेरणा' म्हणून चालत नाही. भातवडीला शहाजीराजे निजामशाहीकडून लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे. पण त्यानंतर लगेच शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. म्हणजे नातं सरळ गुरू-शिष्याचं नव्हतं. त्यात ताण होता.

दावा दुसरा: "अंबरने मराठ्यांना एकत्र आणलं"

हा दावा आपल्या भागाच्या जवळ येतो, म्हणून जरा थांबू. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव निजामशाहीतले मोठे सरदार. सिंदखेड आज बुलढाणा जिल्ह्यात, वाशिमच्या शेजारी. 1615 च्या सुमारास अंबरचे काही हबशी आणि काही मराठा सरदार त्याच्यावर नाराज होऊन मोगल सेनापती शाहनवाजखानाला बाळापूरला जाऊन मिळाले. मोगल साधनांत त्यात 'जादूराय' हे नाव आहे, ते लखुजी जाधवांचं धरलं जातं. बाळापूर अकोला जिल्ह्यातलं. आणि वाशिम जिल्हा 1998 पर्यंत अकोल्याचाच भाग होता. त्यानंतर काही महिन्यांतच रोषणगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, मराठा सरदारांशिवाय अंबर उभा राहू शकत नव्हता. दोन, ते त्याचे 'अनुयायी' नव्हते. स्वतःचं वतन, स्वतःची फौज आणि स्वतःचा हिशोब असलेली ती माणसं होती. हबशी सरदारसुद्धा त्यांच्याबरोबर फुटले हे विसरू नका. म्हणजे हा मराठा विरुद्ध हबशी असा जातीचा मामला नव्हता. अंबरने जुळणी केली, ती तुटली, त्याने परत केली. 'एकत्र आणलं' या दोन शब्दांत ही सगळी ओढाताण झाकली जाते.

आणि तिसरा प्रश्न? इथे मला सगळ्यात भक्कम वारसा दिसतो, ज्याच्यावर आपल्याकडे कमी बोललं जातं. 1633 मध्ये दौलताबाद पडलं, निजामशाही पुन्हा संपली. तेव्हा शहाजीराजांनी काय केलं? निजामशाही घराण्यातलं एक लहान मूल घेतलं, पेमगिरीला त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. 1636 मध्ये माहुलीला हा प्रयत्न संपला. आता 1600 मधलं परांडा आठवा. राजधानी गेली, राजा गेला, तरी एक वारस उभा करून, डोंगरी किल्ले धरून, सरदारांची मोट बांधून राज्य चालवता येतं, ही रीत अंबरने करून दाखवली होती आणि शहाजीराजांनी ती वापरली. शहाजीराजांनी 'मी अंबरचं अनुकरण करतोय' असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हे माझं अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच लिहायचं. पण दोन घटनांची ठेवण सारखी आहे आणि दुसऱ्या घटनेतल्या माणसाने पहिल्या माणसाच्या हाताखाली काम केलेलं आहे. अनुमानाला एवढा आधार पुरेसा होतो.

दावा तिसरा: "अंबरने महसुलाची आदर्श पद्धत आणली"

मलिकंबरी धारा हे नाव तुम्ही वाचलं असेल. याचं सविस्तर वर्णन बहुतेक पुस्तकांत येतं ते ग्रँट डफच्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासातून. तो सांगतो ते असं: अंबरने मक्तेदारी बंद केली, गावची जुनी व्यवस्था पुन्हा उभी केली, सुरुवातीला प्रत्यक्ष पिकाचा मध्यम हिस्सा धान्यात घेतला, आणि काही हंगामांचा अनुभव आल्यावर लागवड बघून दरवर्षी तो रोख रकमेत ठरवला. हिस्सा किती? पिकाचे दोन पंचमांश. आणि रोखीत बदलताना एक तृतीयांश, अशी परंपरा सांगते.

'परंपरा सांगते' याच्याखाली रेघ मारा. अंबर वारल्यानंतर दोनशे वर्षांनी लिहिणारा इंग्रज अधिकारी स्वतः म्हणतोय की ही सांगोवांगी आहे. पुढच्या पुस्तकांत आकडा राहतो आणि 'परंपरा सांगते' गळून पडतं. मग गाईडमध्ये तो आकडा उघडा येतो आणि एमसीक्यूचं उत्तर होतो. दावा हळूहळू असा पक्का होत जातो, पुरावा मात्र तेवढाच राहतो.

तरी हा दावा फेकून देऊ नका. तिसऱ्या प्रश्नावर तो चांगला उभा राहतो. दादोजी कोंडदेवांनी पुणे भागात हीच रीत पुढे चालवली असं डफच नोंदवतो. अण्णाजी दत्तोंच्या काळात नवी व्यवस्था आली. नंतरच्या लोकांना जुनी पद्धत सांगताना अंबरचं नाव घ्यावं लागत होतं, हाच मोठा पुरावा आहे. राज्य बुडालं, घराणं संपलं, तरी गावच्या कागदात नाव उरलं.

वाशिमच्या पोरांसाठी एक सावधगिरी. पुणे-अहमदनगरकडचं उदाहरण आपल्याकडे सरसकट लावू नका. वऱ्हाड 1596 पासून मोगलांकडे होतं आणि पुढे सरहद्द मागेपुढे होत राहिली. इथे कोणाचा धारा कधी चालला हे परगण्यापरगण्याने बघावं लागेल. 'मलिक अंबर आणि वाशिम' असा विषय घ्यायचा असेल तर तो गौरवाने सुरू होणार नाही, परगण्याच्या यादीने सुरू होईल.

दावा चौथा: "नहर-ए-अंबरी"

हा सगळ्यात कमी वादाचा. खडकीला पाणी नव्हतं. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जिरलेलं पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, पंप नाही की काही नाही, नुसत्या उतारावर शहरात आणलं. मधे मधे हवा आणि साफसफाईसाठी उभ्या विहिरीसारखी तोंडं. पुढच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्की अठराव्या शतकातली आहे. शहराचं नाव खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. विसाव्या शतकातही जुन्या नहरींचं पाणी शहराच्या काही भागांत वापरात होतं. चार नावं बदलली तरी पाणी त्याच उतारावरून येत राहिलं. चाळणीच्या तिन्ही प्रश्नांना इथे जमिनीत पुरलेलं उत्तर मिळतं. फक्त शहरातली प्रत्येक नहर अंबरच्या खात्यावर टाकू नका.

मग 'क्रांतिकारी' म्हणायचं का?

माझं उत्तर: जपून. त्याने गादी उलथली नाही, ती टिकवली. गुलामगिरी मोडली नाही. त्याच्या हबशी पथकांचा पाया तीच होती. रिचर्ड ईटनने 2005 च्या पुस्तकात अंबरच्या निमित्ताने दख्खनमधल्या लष्करी गुलामगिरीचा उदय आणि अस्त मांडलाय, तो वाचायलाच हवा. त्यात ही व्यवस्था नीट कळते. मात्र सगळा प्रकाश गुलामगिरीवर पडल्याने वतनदार मागे राहतात असं मला वाटतं. राधे श्याम यांचं 1968 चं चरित्र फारसी साधनांवर पक्कं आहे, पण लढाया आणि तहांच्या क्रमात गाव हरवतं. उमर अलींचं 2016 चं पुस्तक हिंदी महासागराचा पट उघडतं. तिथे आफ्रिकेतून निघालेली वाट स्पष्ट दिसते, सिंदखेड आणि बाळापूर धूसर होतात. आणि आपल्या मराठी लेखनात अंबर बहुतेकदा शिवकाळाची प्रस्तावना बनून येतो, स्वतःचं प्रकरण त्याला मिळत नाही. चारही ठिकाणी माणूस एकच आहे, प्रश्न वेगळा आहे. तुमचा प्रश्न पाचवा असायला हवा.

इथे सांकाराशी तुलना उपयोगी पडते. थॉमस सांकारा 1983 ते 1987 अशी जेमतेम चार वर्षं सत्तेत होता. 1984 मध्ये त्याने देशाचं नाव बुर्किना फासो केलं. 1987 मध्ये त्याला मारलं आणि नंतरच्या सत्तेने त्याची बरीच धोरणं मागे घेतली. पण 2014 मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा पोरांच्या तोंडी त्याचं नाव होतं. तिथे व्यवस्था गेली, आठवण राहिली. अंबरचं उलटं झालं. त्याच्यानंतर दहा वर्षांत राज्य गेलं, लोकांच्या आठवणीतून तो बराचसा पुसला गेला, पण धारा, नहर आणि राज्य तोलण्याची रीत पुढच्यांनी वापरली. दोन्ही वारसेच. पण दोन्हींचे पुरावे वेगळ्या ठिकाणी सापडतात. एकाचे घोषणांमध्ये, गाण्यांमध्ये, भिंतींवर. दुसऱ्याचे जमिनीच्या कागदांत आणि जमिनीखाली. आपल्याला कुठला वारसा शोधायचाय हे आधी ठरवलं नाही तर भलत्याच कपाटात हात घालून बसाल.

हे सगळं का महत्त्वाचं? कारण अंबरला आज दोन बाजूंनी ओढलं जातंय. कोणी त्याला परका म्हणून बाहेर काढतं, कोणी सगळ्याचा मूळपुरुष म्हणून डोक्यावर घेतं. दोन्हीकडे पुरावा लागत नाही, आवाज लागतो. आपण संशोधन करणाऱ्यांनी निदान आपल्या पानावर तरी एवढं करावं: दावा लहान ठेवावा आणि तो कशावर उभा आहे ते सांगावं. परांड्याच्या गादीपासून पेमगिरीच्या गादीपर्यंतची रेघ, गावच्या कागदातलं नाव आणि डोंगराकडून येणारं पाणी, एवढं सिद्ध झालं तरी मलिक अंबर लहान होत नाही.

पेटची तयारी करणाऱ्यांसाठी गृहपाठ: तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'वारसा', 'प्रभाव', 'प्रेरणा' हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे गोल करा. प्रत्येक गोलाशेजारी लिहा: कोणी वापरलं, कधी, कशावरून. ज्या गोलाशेजारी काहीच लिहिता आलं नाही, ते वाक्य काढून टाका किंवा त्याचाच संशोधन प्रश्न करा. दुसरा पर्याय बहुतेक वेळा जास्त चांगला निघतो.